खारूबाची सावली

अमिताय सावलीतून उन्हात सरकला. झालं ते एवढंच, आणि लिमोरखेरीज कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. वर्गातली मंडळी गुहेच्या तोंडाशी टोप्या, बाटल्या, टॉर्च सावरत उभी होती. हैफाहून निघाल्यापासून बसमध्ये गाणी म्हणून म्हणून सगळ्यांचे घसे बसले होते. वय काहीही असो, सहलीची बस म्हटली की माणसं शाळकरी होतात. उझिएल, त्यांचा इतिहासाचा मास्तर, सवयीप्रमाणे एका पडक्या दगडावर चढला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प करत म्हणाला, "कोहेन कोण कोण आहेत? पुजाऱ्यांच्या कुळातल्यांनी बाहेर थांबायचं. आत थडगी आहेत. हाडं केव्हाच हलवली असं म्हणतात, पण 'म्हणतात' यावर विसंबून मी कुणाच्या पापाचा धनी व्हायला तयार नाही. तसे आतही कोहेन आहेत, पण त्यांना आता बाहेर यायची घाई नाही." मंडळी हसली. अमितायही हसला, आणि हसत हसतच रांगेतून बाजूला झाला. लिमोरला वाटलं, आता हा काहीतरी चावट बोलणार आणि परत येऊन उभा राहणार. तो गुहेच्या तोंडाशी असलेल्या खारूबाच्या झाडाखाली जाऊन थांबला. गेल्या हंगामाच्या काळ्या शेंगा अजून लटकत असलेलं जुनं झाड, चांगली गार सावली. तिथं उभं राहून त्यानं मान वर केली. फांद्या कुठवर गेल्यात ते पाहिलं. एक जाड फांदी गुहेच्या माथ्यावर आडवी पसरली होती. ती पाहिली आणि तो मुकाट्यानं चार पावलं मागं, खडीवर, रणरणत्या उन्हात जाऊन उभा राहिला.

तो बाहेर थांबला याचं तिला इतकं वाटलं नसतं. माणूस आळसानं थांबतो, सिगारेट ओढायला थांबतो, कुणी बघेल म्हणून थांबतो. पण त्यानं वर पाहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी वर्गात उझिएलनं शुद्ध-अशुद्धाचे जुने कायदे शिकवताना सांगितलं होतं, छप्पर म्हणजे नुसतं छप्पर नव्हे, थडग्यावर आलेली झाडाची फांदीही छप्परच, तिच्या सावलीत उभं राहिलं तरी विटाळ व्हायचा तो होतोच. त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं होतं? मागच्या बाकावरून अमिताय. "मग पक्षी कोहेन असला तर त्यानं बसायचं कुठं?" असं त्यानं विचारलं होतं आणि वर्ग खो खो हसला होता. कोपरानं तिला ढोसून तो कुजबुजला होता, "बघितलंस, कसल्या येड्या घराण्यात येतेयस तू?" तेव्हा ती सुखानं हसली होती. आणि आता तोच माणूस मे महिन्याच्या उन्हात, डोक्यावर टोपी नसताना, एका फांदीला भिऊन उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं हात हलवला, जा जा, मी आहे इथं. मागून बात्यानं तिला पुढं ढकललं. "चल गं, तुझा राजा काही वितळत नाही." बात्या निवृत्त नर्स. हॉस्पिटलात चाळीस वर्षं काढून आता साऱ्या देशाला इतिहास सांगत हिंडायचं तिच्या मनात होतं. वर्गात त्या दोघांचं एकट्या तिलाच माहीत होतं, म्हणजे खरं तर सगळ्यांनाच माहीत होतं, पण बोलायची ती एकटी.

आत पाऊल टाकल्याबरोबर गारवा आला, आणि ओल्या चुनखडीचा वास. बाहेरचं ऊन पाठीवर अजून चिकटलेलं होतं, ते पायरीगणिक निघून गेलं. भिंतीतले दिवे माणूस जवळ आलं की लागत आणि गेलं की आपोआप विझत, त्यामुळं पुढं उजेड, मागं अंधार, असं सगळं चाललं होतं. उझिएलचा आवाज दगडी कमानींतून फिरून फिरून येत होता. लिमोरला आवाज बरोबर कळत. तिचा धंदाच तो. हादार भागातल्या एका दवाखान्यात ती लोकांचे कान तपासते, यंत्रं बसवून देते. आवाज किती लांबून आला, भिंतीवर आपटून आला की सरळ आला, बोलणाऱ्यानं तोंड कुठं वळवलंय, हे तिला डोळे मिटून सांगता येतं. आणि आणखी एक गोष्ट तिला कळते. ऐकू येत नसताना मान हलवणारी माणसं तिला लगेच ओळखू येतात. ती फार गोड हसतात, अगदी योग्य जागी थांबतात, योग्य जागी मान डोलावतात, आणि घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. अशांना तिनं कधी यंत्रावर पकडलं नाही. ती त्यांच्या पाठीमागं उभी राहते, तोंडावर हात धरते आणि हळूच एक शब्द बोलते. ऐकू आला तर माणूस तो शब्द परत म्हणतो. नाही आला तर पाठ तशीच राहते. पाठीला मान डोलावून लोकांना फसवता येत नाही.

अमितायची ओळख तशीच झाली. म्हाताऱ्या बापाला घेऊन तो दवाखान्यात आला होता. कोहेनपण त्यांच्या घरात बापाकडून लेकाकडे आलेलं, कधीकाळच्या मंदिरातल्या पुजाऱ्यांचं रक्त म्हणे. मंदिर जाऊन दोन हजार वर्षं होत आली, पुजारी तेवढे राहिले. आणि त्यांचे नियम राहिले. लिमोरच्या आयुष्याशी संबंध यावा असे त्यांतले दोनच. मेलेल्या माणसाच्या छपराखाली जायचं नाही, आणि घटस्फोट झालेल्या बाईशी लग्न लावायचं नाही. लिमोरचा घटस्फोट झालेला होता. पण त्या दिवशी कुणाला काय माहीत. हर्शल, त्याचे वडील, खुर्चीत बसून तिला म्हणाले, "पोरी, माझे कान ठीक आहेत, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात." तिनं त्यांच्या डाव्या कानात यंत्र बसवलं तेव्हा खिडकीबाहेर चिमण्या ओरडत होत्या. म्हातारा दचकला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "या अजून आहेत होय." तेवढ्यावर तिचा त्यांच्यावर जीव जडला. पोरगा कोपऱ्यात उभा राहून हसत होता. ती थट्टेनं म्हणाली, बसा तुम्हीही, बघू तुमचे कान. ती मागं उभी राहिली, तोंडावर हात धरला. समुद्र, ती कुजबुजली. "समुद्र," तो म्हणाला. लिंबू. "लिंबू." खुंटी. "खुंटी." मग तिला काय सुचलं कोण जाणे, ती आणखी हळू, नुसत्या श्वासानं म्हणाली, जा आता. "नाही जात," तो म्हणाला.

पुढं एक वर्ष गेलं. संध्याकाळच्या या इतिहासाच्या वर्गाला दोघांनी एकत्र नाव घातलं ते निव्वळ भेटायला कारण हवं म्हणून. या देशात लग्न लावायचं तर रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, दारात जावं लागतं आणि रब्बी कोहेनाला घटस्फोटिता देणार नाहीत, हे तर पोरंटोरंही जाणतात. त्यावरचा तोडगाही सगळे जाणतात. विमानात बसायचं, सायप्रसला उतरायचं, लार्नाकाच्या नगरपालिकेत एका साहेबापुढं सही करायची, समुद्रावर मासे खायचे आणि नवरा-बायको होऊन परत यायचं. शावुओतचा सण झाला की येणाऱ्या मंगळवारी ते जाणार होते. मंगळवार त्यानंच धरला होता. तेव्हा ती त्याला हसली होती. "नगरपालिकेच्या लग्नाला वार कसला बघतोस?" तर म्हणाला, "मंगळवार दोनदा शुभ असतो, अब्बा म्हणतात. असू दे गं, काय बिघडतं." काहीच बिघडत नव्हतं. आता अंधाऱ्या कमानीखाली उभी राहून ती त्या 'असू दे गं'कडे परत वळून पाहत होती आणि तिला एकेक आठवत होतं. पेसाहच्या सणात, पाव वर्ज्य असताना, त्याच्या खिशात पावाचा चुरा सापडला तर तो किती बेचैन झाला होता. पोर्क चालतं म्हणून मित्रांत फुशारकी मारायचा आणि बशीत आल्यावर आज पोट बरं नाही म्हणायचा. हे सगळं तिनं पाहिलं होतं आणि गोड मानून घेतलं होतं. कानाडोळा केला म्हणायचं, दुसरं काय.

"इकडे या, इकडे या," उझिएलचा आवाज आला. एका मोठ्या दालनात दगडी शवपेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या, कुणावर सिंह, कुणावर वेली, एकीवर बैलाचं तोंड, तेही अर्धं फुटलेलं. सगळ्या रिकाम्या, झाकणं सरकवलेली, चोरांनी कैक शतकांपूर्वी हात मारलेला. उझिएलनं भिंतीवरच्या लाल अक्षरांवर टॉर्च धरला आणि वाचून दाखवलं. ग्रीक लिपी, घिसाडघाईनं रंगवल्यासारखी. "हा कोहेन. बाहेरगावचा, बेरूतकडून आणलेला. आणि ही शेजारी त्याची बायको. तिचं नाव नाही लिहिलं. नुसतं कोहेनाची बायको, एवढंच. बायकोच्या शेजारी जागा मिळावी म्हणून त्या काळी माणूस किती लांबून हाडं आणवायचा बघा." बात्या म्हणाली, "माझा नवरा तर शेजारच्या खुर्चीतून उठून टीव्हीपाशी जाऊन बसायचा." सगळे हसले. लिमोर हसली नाही. ती त्या 'बायको' शब्दावर अडकून राहिली. हिला कुणी विचारलं असेल का, तू कोण, आधी कुणाची होतीस? की ती सोळा वर्षांची कोरी करकरीत आणली असेल? तिला उगाच त्या बाईचा हेवा वाटला. मेल्यावर का होईना, दगडावर लिहून ठेवलीय, कुणी पुसू शकत नाही.

मंडळी पुढच्या दालनाकडे निघाली. लिमोर बुटाची नाडी बांधायला म्हणून एका कोनाड्याशी खाली बसली. नाडी सुटलेली नव्हती. ती बसून राहिली आणि दिवा विझला. अंधार असा उतरला की डोळे उघडे की मिटलेले हे कळेना. पुढच्या दालनातला उझिएलचा आवाज लांब गेला, मग कमानीमागं वळला, मग नुसती गुणगुण राहिली. तिनं हात हलवला असता तर दिवा लागला असता. तिनं हलवला नाही. तळवे दगडावर टेकून ती बसली होती आणि दगडाचा गारवा मनगटांतून वर चढत होता. तिला त्या खोलीची आठवण झाली जिथं तिला सोडचिठ्ठी मिळाली. तीन रब्बी, एक कारकून, टेबलावर पाण्याचा जग, आणि गिदी, तिचा नवरा, जो त्या क्षणापर्यंत तिचा नवरा होता. त्यांनी तिला तळवे जोडून पुढं करायला सांगितलं, ओंजळीसारखे. अंगठे आत घे. घट्ट धरू नकोस, हात वर उचलू नकोस, घ्यायला जाऊ नकोस, तो टाकील ते पडू दे. गिदीनं घडी घातलेला कागद वरून सोडला आणि तो तिच्या तळव्यांवर पडला. हातात दिला नाही, पडला. मग म्हणाले, आता मूठ मीट, काखेत धर आणि दारापर्यंत चालत जा. ती चालत गेली. एक रब्बी मायेनं म्हणाला, "मुली, आता तुला कुणाशीही लग्न करायची मोकळीक आहे." दारापाशी कारकून सवयीनं पुटपुटला, "कोहेन सोडून." ती बाहेर येऊन रडण्याऐवजी भुकेनं कासावीस होऊन फलाफल खात बसली होती, आणि त्या 'कोहेन सोडून'चं तिला हसू आलं होतं. साऱ्या जगात तिला कोहेनच कशाला भेटतोय!

एका शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, ती सिनेगॉगमध्ये गेली होती, त्याला न सांगता. बायकांच्या गच्चीत मागं बसली. त्या भागात आशीर्वाद रोज देत नाहीत, शब्बाथला आणि सणालाच देतात. कोहेन पुढं जाऊन उभे राहतात, बूट काढून, डोक्यावरून शाल ओढून, बोटं विशिष्ट तऱ्हेनं फाकवून हात पुढं करतात आणि लोकांना आशीर्वाद देतात. तेव्हा त्यांच्या हातांकडे बघायचं नसतं. तिच्या शेजारच्या बायकांनी डोळ्यांवर हात घेतले. तिनंही घेतले आणि बोटांच्या फटीतून पाहिलं. दोन शाली शेजारी शेजारी उभ्या होत्या. हर्शलचे हात एरवी चहाचा कप धरवत नाही इतके थरथरतात. त्या शालींखालचे चारही हात स्थिर होते. कुठली शाल बापाची, कुठली मुलाची, तिला ओळखता आलं नाही. तिनं आवाजावरून ओळखायचा प्रयत्न केला, आणि तिचे कान, ज्यांवर तिचं पोट चालतं, तेही हरले. दोघं एकाच आवाजात गात होते. संध्याकाळी तिनं विचारलं तर अमिताय म्हणाला, "अब्बांना धरायला कुणी लागतं ना वर. मी म्हणतो कुठं, नुसते ओठ हलवतो." आणि तिनं ते ऐकून घेतलं. ऐकून घेतलं आणि मान हलवली.

हर्शलना काही माहीत नव्हतं. महिन्यातून एकदा यंत्र साफ करायला येत, तिच्यासाठी बायकोच्या हातचा खसखशीचा केक आणत. तिला 'माझी डावी बाजू' म्हणत. थंडीतल्या एका खेपेला तिचा हात हातात घेऊन म्हणाले होते, "तुझा घटस्फोट झालाय ना? त्या गाढवाला अक्कल नव्हती. एखादा चांगला माणूस बघ, पोरी. फक्त आमच्यात नको बघूस हं. आम्ही कोहेन, आमची नाटकं फार." आणि स्वतःच खुदुखुदु हसले होते. अमिताय तिथंच उभा होता, भिंतीवरच्या कानाच्या आकृतीकडे बघत, जणू कानाचा पडदा कुठं असतो हे त्याला आजच शिकायचं होतं. बाहेर पडताना तिनं डोळ्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, "पुरीमचा सण झाला की सांगतो." पुरीम झाला. "पेसाहमध्ये नको गं, त्यांचं बीपी." पेसाह झाला. "शावुओतला निवांत बसून." दरवेळी ती मान हलवत आली.

तिला एकदम भीती वाटली. अंधाराची नव्हे. तिला वाटलं की आपण कधीपासून असंच बसून आहोत, कुणी शब्द म्हणेल आणि आपण तो परत म्हणू म्हणून. बाहेरून दूरवर माणसांचे आवाज आले. वर्ग दुसऱ्या तोंडातून बाहेर पडला होता. बात्याचा आवाज उठला, "लिमोर कुठंय? ए, लिमोर आली का?" थोडी गडबड. मग खडीवर धावती पावलं, आणि ती पावलं तिला ओळखता आली. ती ताठ बसली. पावलं गुहेच्या तोंडाकडे आली आणि थांबली. "लिमोर?" अमितायचा आवाज पायऱ्यांवरून खाली आला, कमानीवर आपटला, तिच्यापर्यंत पोचला. तिनं उत्तर दिलं नाही. हे बरं नाही, तिला कळत होतं. असली परीक्षा घेणं लहान पोरीचं काम आहे. पण ती गप्प राहिली. "लिमोर!" आवाजात आता खरी भीती होती. ती भीती तिला हवीहवीशी वाटली आणि तिची लाजही वाटली. ये ना, ती मनात म्हणाली. दहा-बारा पायऱ्या आहेत. मी पडलेय, माझं डोकं फुटलंय असं समज. जीव वाचवायला तर तुमच्या कायद्यातही सगळं चालतं ना? ये. "लिमोर! बोल ना काहीतरी!" तिसरी हाक. तिनं डोळे मिटून, धंद्यातल्या सगळ्या सवयीनं, तो आवाज मोजला. पहिली हाक, दुसरी, तिसरी. आवाज वाढला होता. घाबरला होता. रडवेला झाला होता. फक्त हलला नव्हता. तिन्ही हाका एकाच जागेवरून आल्या होत्या, उंबऱ्याच्या बाहेरून, फांदीच्याही बाहेरून.

मग बात्याचे जाडे बूट धपधप पायऱ्या उतरले, दिवे एकेक लागत आले, आणि बात्या कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. तिनं लिमोरचं तोंड बघितलं आणि जे विचारणार होती ते विचारलं नाही. चाळीस वर्षं माणसांच्या उशाशी उभी राहिलेली बाई ती. "पाय मुरगळला म्हणून सांगते सगळ्यांना," ती म्हणाली. "लंगड थोडी." लिमोरला हसू आलं आणि त्याचबरोबर डोळे भरले. बात्यानं तिला काखेत धरून उभं केलं. चढताना म्हणाली, "माझ्या वॉर्डात एक कोहेन डॉक्टर होता. पेशंट गेला की तो खिडकीतून उडी मारायचा तेवढा बाकी असायचा. चांगला माणूस होता बरं का. पण त्याच्या पेशंटना मरताना दुसऱ्या कुणाचा तरी हात धरावा लागायचा." लिमोरला लंगडायचं सुचलं नाही.

बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांत घुसलं. अमिताय खडीवर होता. चेहरा लालबुंद, मानेवर घामाच्या रेषा, डोळे ओले. त्याला खरंच रडू आलं होतं, ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला त्याच्यावर धड चिडताही येईना. ती त्याच्याजवळ येईतो तो तसाच उभा राहिला. "काय झालं? किती घाबरवलंस," तो म्हणाला. "मी येतच होतो आत."

"हो?"

"बात्या पुढं गेली म्हणून… नाही तर येतच होतो."

"तुझा आवाज हलला नाही, अमिताय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, हळू, गोड, अगदी योग्य जागी. मग त्याला काहीतरी करायचं सुचलं. थडग्यांपासून बाहेर आलं की हात धुवायचे, ही रीत लिमोरच्या माहेरीही होती, जिथं बाकी कुठली रीत पाळत नसत. नळापाशी गर्दी होती. अमितायनं आपली बाटली उघडली. "धर," तो म्हणाला. तिनं हात पुढं केले. त्यानं पाणी ओतलं, उजव्यावर, डाव्यावर, पुन्हा उजव्यावर. बाटली त्यानं चांगली वीतभर वर धरली होती. थेंब उडून त्याच्या बुटांवर पडले तेव्हा त्यानं पाय मागं घेतला. त्याच्या हे लक्षातही आलं नसेल. एरवी हे हात तो रस्त्यात, बसमध्ये, बापाच्या पाठीमागं चोरून धरायचा. तिनं खाली पाहिलं. तिचे तळवे एकमेकांना जोडलेले होते, अंगठे आत, ती काही घ्यायला जात नव्हती, वरून पडेल ते पडू देत होती. तिनं हात सोडले, पाणी खडीवर सांडलं, आणि ती ओले हात पँटला पुसत म्हणाली, "पुरे."

"शब्बाथला सांगतो अब्बांना," तो म्हणाला. "शपथ. शावुओतची वाट नाही बघत."

"त्यांना काय सांगशील?"

"सांगतो ना. सगळं."

"आणि मग शब्बाथला त्यांच्याबरोबर वर कोण उभं राहील?"

तो खडी बघत राहिला. उन्हात त्याच्या डोक्याची कातडी केसांमधून लाल दिसत होती. त्याला काय सोडावं लागणार हे तिनं या क्षणापर्यंत कधी नीट पाहिलंच नव्हतं. तिला वाटायचं, तो एक जुनाट नियम सोडतोय. असं लग्न केलेल्या कोहेनाला आशीर्वादाला उभं राहता येत नाही; तो बापाच्या शेजारची जागा सोडणार होता, ज्या जागेवर म्हाताऱ्याचे हात थांबतात. आणि तो ती सोडणार नव्हता. हे त्याला अजून माहीत नव्हतं. फांदीकडे मान वर करताना त्याच्या मानेला माहीत होतं, त्याला नव्हतं. तिला त्याची दया आली, आणि स्वतःचा भयंकर राग आला, कारण दया आली तरी तो तिला हवाच होता.

उझिएलनं शिट्टी वाजवली. मंडळी बसकडे निघाली, कुणी खारूबाच्या शेंगा तोडून चावत होतं, कुणी कुणाच्या टोपीत बी टाकत होतं. बसच्या दारात रांग लागली. अमिताय तिच्या पुढं उभा होता, पाठ तिच्याकडे, शर्ट पाठीला चिकटलेला. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. तिनं ठरवलं नव्हतं, पण तिचा हात आपोआप वर गेला आणि तोंडासमोर आडवा झाला, दवाखान्यात जातो तसा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचं मन साफ होतं. तो शब्द त्यानं परत म्हटला, नुसता परत म्हटला, तर मंगळवारी विमानात बसायचं, मग शाल असो, फांदी असो, काय वाट्टेल ते असो. बसचं इंजिन अजून सुरू झालं नव्हतं. वारा नव्हता. बात्या दारात ड्रायव्हरला खिडकी उघडायला सांगत होती, पण तिचा आवाज पलीकडे जात होता. लिमोरनं समुद्र-लिंबू-खुंटी ज्या आवाजात म्हटलं होतं, त्याच आवाजात, शब्द तुटू न देता म्हटलं, "लार्नाका."

त्याचा एक पाय बसच्या पायरीवर होता. तो पाय तसाच राहिला. मानेवरचा घामाचा थेंब कॉलरपर्यंत उतरला. मग त्यानं दुसरा पाय उचलला आणि तो वर चढून गेला.

त्याचे कान उत्तम होते. तिनंच तपासले होते.